पाटीवरचं फडकं

विंडवर्ड, कॅरिआकू बेट
९ मार्च २०२३

चि. लेनिक्स यास थोरल्या भावाचा आशीर्वाद.

तुझ्या वहिनीची कंबर आता बरी आहे. यंदा तुरीला शेंगा चांगल्या धरल्यात. ख्यालीखुशाली एवढीच.

या दोन हातांनी आजवर काय काय केलं ते लिहितो, कारण तू विसरलेला दिसतोस. अकरा बोटी, सर्वांत धाकटी चौदा फुटी, थोरली बेचाळीस फुटी. चर्चमधली सहा बाकं. तू विलायतेत हडर्सफील्डला गेलास तेव्हाची तुझी पेटी, तिच्या कोपऱ्यांना एकही खिळा नाही. आपल्या बापाची शवपेटी. आणि एक संकेतस्थळ. तेही कुणाला पैसे देऊन नाही. हिल्सबरोच्या वाचनालयातलं पुस्तक समोर ठेवून, सात आठवडे, अक्षर न् अक्षर माझं.

त्याचा पत्ता विंडवर्ड डॉट बोट्स. तू तेव्हाच नाक मुरडलंस. "दादा, डॉट कॉम घे, लोकांना तेच कळतं." मी म्हटलं, कॉममध्ये ताडपत्रीही विकतात आणि खोटे दातही. माझ्या पत्त्याच्या शेवटी माझा धंदा लिहिलाय, यात लपवण्यासारखं काय आहे? थिओफिलसच्या रमच्या दुकानात आठवडाभर माझी टिंगल चालली. "ब्रॅड, पत्ता गळत नाही ना? फटींत कापूस ठोकलास का?" त्या टिंगलीचा मला राग नाही. ती माणसं माझ्या बोटींतून मासे आणतात.

राग तुझा आहे.

यॉर्कशरचे पेनहेल मास्तर चार महिने माझ्याशी पत्रव्यवहार करत होते. तीस फुटी बोट हवी होती, नावसुद्धा तुम्हीच ठेवा म्हणाले. त्यांच्या शब्दावर मी बोटीचा कणा टाकला, उतरत्या चंद्रात डोंगरावरून पांढऱ्या सीडरच्या लाकडी बरगड्या तोडून आणल्या, सगळ्या एकोणीस उभ्या केल्या. गेल्या महिन्यात त्यांचं पत्र आलं, अगदी सभ्य. त्यांनी लिहिलं की असल्या शेपटीचा पत्ता त्यांनी जन्मात पाहिला नाही. शिवाय तुमच्या प्रत्येक फोटोत बोटीच्या नावावर फडकं आहे. चोरीच्या गाडीचा नंबर झाकतात तसं. म्हणून तुमच्या भावाला फोन केला.

तुझा नंबर मीच दिला होता. 'आमच्याबद्दल विचारा' या पानावर पहिलं नाव तुझं.

आणि तू काय म्हणालास? त्यांनी जसंच्या तसं लिहिलंय. "मी काही सांगू शकत नाही. तो पत्ता मलाही जरा विचित्रच वाटतो. तुम्ही तुमचं बघा."

फडकं का असतं, हे तुला ठाऊक नव्हतं? बोट पाण्यात उतरेपर्यंत नावाची पाटी झाकलेली, आणि फडकं ओढायचं ते तिच्या धर्मबापानं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. उतरवायच्या दिवशी माझ्या हातात दोर असतो, कॅमेरा नाही, म्हणून फोटो सगळे आधीचे. २००९ साली 'व्हिडा' बोटीचा धर्मबाप तूच होतास. आई पंधरा दिवस तुझ्या मागे लागली होती, "सांग रे नाव, मी काय कुणाला सांगणार आहे?" आणि तू म्हणायचास, "तुलाच सांगितलं की गावभर होतं, आई." बोकड कापला, पाद्रीसाहेबांनी पाणी शिंपडलं, तू फडकं ओढलंस आणि रडलास. तोच हात फोन धरून होता ना?

एक वाक्य पुरलं असतं, लेनिक्स. "आमच्याकडे अशीच रीत आहे."

माझ्या पहिल्या बोटीत कुणी पाय ठेवत नव्हतं. आराखडा नाही, शिक्षण नाही, नुसती नजर, म्हणे उलटणार. बाप पुढे झाला. चढला, शीड सोडलं, पलीकडच्या पेटिट मार्टिनीक बेटावर जाऊन जेवून परत आला. दुसऱ्या दिवशी बोट विकली गेली. नवी वस्तू, नवं नाव, नवा पत्ता, कशावरही लोक आपणहून विश्वास ठेवत नाहीत. घरचा कुणीतरी आधी आत पाय ठेवतो, मग बाकीचे येतात. त्या पत्त्यात आधी पाय ठेवायचं काम तुझं होतं. तू काठावरून सांगितलंस, पाणी खोल दिसतंय.

आता खरं तेही लिहितो. ते पत्र आलं त्या सकाळी मी अंगणात जाऊन पाटीवरच्या फडक्याचं टोक हातात धरलं. उघडावं, फोटो काढावा, मास्तरांना पाठवावा. सत्तावीस वर्षांत असं मनात आलं नव्हतं. तुझी वहिनी इथलिन दारातून म्हणाली, "ओढा की. मग पाद्रीसाहेबांना सांगा, यंदा यायची गरज नाही." मी टोक सोडलं. पण धरलं होतं, आणि ते तुझ्यामुळे.

बोटीला धनी नाही. तरी फळ्या ठोकतोय. मे महिन्याच्या शेवटी उतरवेन. नाव काय कोरलंय ते सांगणार नाही. आई असती तर तिलाही सांगितलं नसतं, तिला तर मुळीच नाही. धर्मबाप म्हणून पाद्रीसाहेबांकडे तुझं नाव आधीच दिलेलं आहे. ते मी अजून खोडलेलं नाही. याला माफी समजू नकोस.

तुझा, सध्या नाइलाजाने,
थोरला भाऊ
ब्रॅडफर्ड

ता. क. तुला विचित्र वाटणारा तो पत्ता फ्लोरिडातल्या एका कंपनीला हवा होता. भाड्यानं यॉट देतात, प्लास्टिकच्या. बोट नको, मी नको, फक्त विंडवर्ड डॉट बोट्स. मास्तरांचं पत्र आल्यावर तिसऱ्या दिवशी मी 'घ्या' असं लिहून ठेवलं होतं, ते फाडलं आणि 'नाही' असं कळवलं. ते देत होते साठ हजार अमेरिकन डॉलर.