धोंड्याच्या आधी गाडी

१ मार्च २०२६, रविवार

ठरलं. गाडी घ्यायची. छोटी घ्यायची, पण सेडान. यावर आता चर्चा नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझं मलाच विसरायला नको. मे महिन्यात धोंड्याचा महिना लागतोय. तीन वर्षांतून एकदा येणारा अधिक महिना, म्हणजे जावयांचा महिना. सासुरवाडीला जायचं, पुरणाचे धोंडे खायचे, अनारशांचं वाण घ्यायचं. मागच्या धोंड्याला मी आणि पूजा देवळालीहून संगमनेरपलीकडच्या अकोल्याकडे एसटीनं गेलो. फाट्यापासून पुढे जीप. पूजा आत, मी मागे लोंबकळत. इस्त्रीच्या शर्टाचं मातेरं. आणि माझा साडू भागवत, म्हणजे पूजाच्या धाकट्या बहिणीचा नवरा, आपल्या उंच गाडीतून एसीची हवा खात उतरला. त्या गाडीत चढायला शिडी लागते. पण सगळं गाव त्या गाडीभोवती.

निघताना सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, भागवतरावाच्या गाडीत माजा पाय काय चढत न्हाई. पुढच्या धोंड्याला तुमी गाडी घ्या, तुमच्या गाडीत बसंन म्या. मी हो म्हणालो. चारचौघांत म्हणालो. भागवत मिशीत हसला, ते मी पाहिलं.

वेळ भरपूर आहे.

८ मार्च, रविवार

गणित शिकवणारा माणूस डोळे झाकून गाडी घेत नसतो. शाळेच्या कॉम्प्युटरवर तक्ता केला. तीन गाड्या. खरी नावं लिहिलेली नाहीत, स्टाफरूममध्ये भोचक लोक फार. 

थोरली. चौदा लाख. इंजिन दमदार.
मधली. साडेअकरा. मायलेज चांगलं. गल्लोगल्ली दिसते.
धाकटी. नुकतीच बाजारात आलीय. साडेनऊ. दिसायला देखणी, पण नव्या माणसावर एकदम भरवसा कसा ठेवायचा?

किमतीला चाळीस मार्क, हँडलिंगला चाळीस, बाकी वीस डिकी-सीट वगैरेला.

पूजानं विचारलं, हँडलिंग म्हणजे काय. सांगितलं, वळणावर गाडी आपलं ऐकते का, ते. त्यावर ती म्हणाली, पण तुम्ही गाडी चालवता कुठं? बायकांना मूळ मुद्दा कळत नाही. माझं लायसन्स २००९ चं आहे. वापर नसल्यामुळे अगदी कोरंकरकरीत राहिलंय.

१७ मार्च, मंगळवार

शेजारचे गनीभाई आले. डाळिंबाचे व्यापारी. म्हणाले, सर, ईदीच्या आधी गाडी घ्यायची म्हनतोय, तुमचा आभ्यास हाय, तुमी सांगा. तक्ता उघडून सगळं समजावलं. टर्निंग रेडियस, म्हणजे गाडी किती जागेत वळते ते, वहीत काढून दाखवला. गनीभाईंनी दोनदा जांभई दिली, पण ती उन्हानं असावी. शेवटी म्हणाले, म्हंजे मधली घेऊ का? मी म्हणालो, इतक्या लवकर असं म्हणता येणार नाही.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

नगरला शोरूममध्ये ही गर्दी! लोक पेढे घेतल्यासारख्या गाड्या घेत होते. सूट चांगली होती. पण गर्दीत निर्णय घेऊ नये, हे माझं तत्त्व. माहितीपत्रकं घेऊन परत आलो.

संध्याकाळी गनीभाईंनी मधली आणली. पांढरी. एका दिवसात! लोकांना घाई फार.

२१ मार्च, शनिवार

गनीभाईंकडे शीरखुर्मा. नंतर त्यांच्या गाडीतून राहुरीपर्यंत चक्कर. मी मागे बसून दोष टिपून घेतले. एकूण अकरा निघाले. गनीभाईंना सांगितले. ते म्हणाले, व्हय का, आणि गाणी लावली. पूजा पुढे बसली होती. एसीचं तोंड स्वतःकडे वळवून पूर्ण रस्ताभर गप्प बसली. तिलाही दोष जाणवले असणार.

२९ मार्च, रविवार

थोरलीची टेस्ट ड्राइव्ह, नगर. हँडलिंग मोजायची माझी स्वतःची पद्धत आहे. तांब्या काठोकाठ भरायचा, डॅशबोर्डवर ठेवायचा, आणि वळण घ्यायचं. जितकं पाणी सांडेल तितके मार्क कापायचे. पहिल्याच वळणाला तांब्या सेल्समनच्या मांडीवर. सगळंच पाणी सांडल्यामुळे किती सांडलं ते मोजता आलं नाही. निकाल राखून ठेवला.

सेल्समनचा स्वभाव तापट वाटला. थोरलीचे दोन मार्क कापले.

५ एप्रिल, रविवार

धाकटीसाठी संगमनेरला गेलो. तिथला सेल्समन फैयाज. पोरगा गुणी. ऐकून घेतो. तांब्या मात्र त्यानं गाडीत घेऊ दिला नाही. नगरहून फोन आला होता म्हणे.

आज स्वतः चालवली. गाडी तीनदा बंद पडली, क्लच फार हळवा आहे. पुढे गतिरोधक आला. फैयाज म्हणाला, सर ब्रेक, सर ब्रेक! मी दाबलं, पण ते ॲक्सिलरेटर निघालं. गाडी पलीकडे आदळली, खालून पोट खरवडल्याचा आवाज. ग्राउंड क्लिअरन्स कमी आहे. चार मार्क कापले.

तरीही मनात भरली. सीट खाली आहे. सासूबाई सहज बसतील. फैयाजला तसं सांगितलं. तो म्हणाला, सर, मग घेऊनच टाका. विचार करतो म्हणालो.

१९ एप्रिल, रविवार. अक्षय तृतीया, म्हणजे आखिती

आज बुकिंग करायचंच असं ठरवून उठलो. आमरस झाला, जरा पडलो. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती.

शिवाय कालच एक व्हिडिओ पाहिला. मधलीचं नवं मॉडेल येतंय. नवं मॉडेल येत असताना जुन्यांची तुलना करणं म्हणजे अर्धवट अभ्यास. पूजानं विचारलं, आज साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त होता ना? मी म्हणालो, मी असल्या गोष्टी मानत नाही. ती आत गेली आणि आईला फोन लावला. रोज तासभर बोलतात दोघी. काय बोलतात देव जाणे.

३ मे, रविवार

उन्हाळी सुट्टी. एकूण बेरीज: थोरली एकसष्ट, मधली एकसष्ट, धाकटी एकसष्ट.

असं कसं होईल? सगळं पहिल्यापासून तपासलं. आता बासष्ट, बासष्ट, बासष्ट. पूजा म्हणाली, चिठ्ठ्या टाका. इतक्या वर्षांच्या संसारात माणूस आपल्याला ओळखत नाही.

१२ मे, मंगळवार

निर्णय झाला! धाकटी. निळी. फैयाजला फोन केला. त्याचा आवाज भरून आला होता. पण म्हणाला, सर, निळीला तीन आठवडे लागतील. पांढरीला सुद्धा दोन.

काही हरकत नाही म्हणालो. फोन ठेवला. पूजा समोर भाजी निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, रविवारी काय लागतंय माहितीय का? मी म्हणालो, काय? ती म्हणाली, धोंड्याचा महिना.

मग? म्हणालो.

मग धोंड्यात कोणी नवी गाडी घेतं का, असं म्हणून तिनं मेथीची जुडी आपटली. लग्न नाही, वास्तुशांत नाही, नवी वस्तू नाही. हे शेंबड्या पोराला कळतं. आई धोंड्यात घेतलेल्या गाडीत पाय ठेवील का?

मार्चपासून तक्त्यात सतरा रकाने केले. हा एक रकाना राहिला.

१३ मे, बुधवार

चूक माझी नाही. पंचांगाचा आणि हँडलिंगचा संबंध नसतो.

१८ मे, सोमवार

काल महिना लागला. पूजा बोलते, पण भिंतीशी. भाड्यानं सेडान करून जाऊ म्हणालो. ती म्हणाली, पिवळ्या नंबरप्लेटची? भागवत भाऊजी काय आंधळे आहेत?

खरं सांगायचं तर झोप नीट लागत नाही. सासूबाई हट्ट करणाऱ्यातल्या नाहीत. इतक्या वर्षांत माझ्याकडे त्यांनी एवढी एकच गोष्ट मागितली.

२४ मे, रविवार

बोलावणं आलं. येत्या रविवारी, एकतीसला. दोन्ही जावई एकाच दिवशी.

२७ मे, बुधवार

सुचलं! आंघोळ करताना सुचलं. धोंड्यात गाडी विकत घ्यायची नसते. टेस्ट ड्राइव्ह करायला कोणतंही शास्त्र मनाई करत नाही. फैयाजकडची धाकटी शोरूमनं कधीच घेतलेली आहे, म्हणजे दोषाचा प्रश्नच नाही. एसटीनं संगमनेरला उतरायचं, शोरूममधून धाकटीत बसायचं, आणि हँडलिंग तपासत तपासत सासुरवाडीच्या दारात. अकोल्याचा रस्ता वळणांचा आहेच. खोटं काहीच नाही यात.

फैयाज आधी नाही म्हणाला. सर, चार किलोमीटरच्या पुढे न्यायची परवानगी नाय. मी म्हणालो, तिथं लग्नाएवढी माणसं जमणार, सगळी गिऱ्हाइकं. मग म्हणाला, बघतो. मोठे साहेब रविवारी गावाला जाणार आहेत.

पूजाला योजना सांगितली. ती म्हणाली, करा काय करायचं ते. आणि आईला फोन लावला.

१ जून, सोमवार, सकाळी

काल झालं ते सगळं लिहितो.

संगमनेरला धाकटी तयार होती. धुतलेली, चकचकीत. फक्त दोन्ही बाजूंच्या दारांवर हातभर लांबीची लाल अक्षरं, टेस्ट ड्राइव्ह. ती काढा म्हणालो. फैयाज म्हणाला, सर, माझी नोकरी काढतील.

अकोल्यापर्यंत फैयाजनं चालवली. गावाच्या अलीकडे मी स्टिअरिंग घेतलं. पहिल्या गिअरमध्येच गेलो, रुबाब राहतो. दारात लावताना एक बाजू भिंतीला चिकटवली आणि दुसऱ्या बाजूला मी स्वतः टेकून उभा राहिलो. माझ्या अंगानं टेस्ट झाकलं गेलं, ड्राइव्ह उघडं राहिलं. 

भागवत आधीच आला होता. त्यानं गाडी बघितली, मला बघितलं, माझ्या पाठीमागे वाकून बघितलं. तो काही बोलणार, तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. मोठ्यानं म्हणाल्या, आगं बया, आली का गाडी! थोरल्या जावयानी आखितीला घेतली बरं का. मुहूर्तावर घेतली. मला कुणी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं. मी चकार शब्द खोटा बोललो नाही.

मग त्यांनी ताट आणलं. बॉनेटला हळद-कुंकू लावलं. फैयाज पुढे झाला आणि तिथंच थबकला. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, गाडीची दृष्ट काढली. नारळाचं पाणी अर्धं बंपरवर, अर्धं फैयाजच्या बुटावर. फैयाजचा चेहरा बघवत नव्हता. पूजा तुळशीकडे तोंड करून उभी होती.

नंतर सासूबाई गाडीत बसल्या. पुढे, माझ्या शेजारी. एका दमात बसल्या, कोणाला हात द्यावा लागला नाही. मारुतीच्या देवळापर्यंत नेलं आणि आणलं. दोनदा बंद पडली. त्या एसीपुढे हात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, लई गार लागतंय वो. देवळापाशी दोन बाया दिसल्या, त्यांना काच खाली करून सांगितलं, आमच्या जावयाची हाय. तेवढा वेळ मला खरंच वाटलं की माझीच आहे.

धोंडे झाले, तूप झालं, तेहेतीस अनारशांचं वाण झालं. फैयाजलाही पंगतीत बसवलं. टर्निंग रेडियसचा विषय निघाला तेव्हा मी पानावरच बोटानं काढून दाखवला. भागवत आज फार लक्ष देऊन ऐकत होता.

जेवणानंतर फैयाज गाडी घेऊन निघाला. सर्व्हिसिंगला नेतोय, असं मी सगळ्यांना सांगितलं. जाताना त्यानं मला बाजूला घेतलं, दोन्ही हातांनी माझा हात धरला. म्हणाला, सर, थँक्यू, तुमच्या साडूसाहेबांनी एक बुक केली. निळी. त्यांच्या म्याडमसाठी. महिना सरला की लगेच डिलिव्हरी. तुम्ही हँडलिंग इतकं छान समजावलं ना.

मी म्हणालो, छान.

उन्हं उतरली. भागवतनं त्याच्या उंच गाडीतून सोडतो म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. गाडी सर्व्हिसिंगहून येईपर्यंत थांबू, असं मी ओसरीवर बसून म्हणत होतो. पूजा पिशव्या भरत होती. सासूबाई हळूच जवळ आल्या. बाकी सगळे आत होते. डबा माझ्या हातात दिला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, जावईबापू, संगमनेरची येष्टी फाट्याव पाचाला येती. तिच्यामागं दुसरी न्हाई. निघा आता. त्या गाडीवाल्या पोराला म्या शिदोरी बांधून दिली. लांबून आलतं बिचारं.

म्हणजे सगळं माहीत होतं. कुंकू लावताना माहीत होतं. देवळापाशी काच खाली केली तेव्हाही माहीत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाया पडायला वाकलो तो वर बघायची हिंमत होईना. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, बसले की म्या गाडीत. झालं.

फाट्यापर्यंत चालत आलो. एसटी भरलेली. पूजाला खिडकीपाशी जागा मिळाली, मी डबा छातीशी धरून उभा. पुढचा धोंडा २०२९ ला आहे. मनातल्या मनात आकडेमोड करायला गेलो, पण एक आकडा मला माहीत नव्हता. पूजाला विचारलं, आईंचं वय काय असेल गं आता?

पूजानं खिडकीची काच ओढून घेतली. म्हणाली, धूळ येतेय, डबा नीट धरा.