मोरेश्वरचं खरं डब्लिन

पार्सिपनी, १४ ऑक्टोबर २००६

तीर्थस्वरूप शरयूताई,

वाकून नमस्कार. (वाकल्यावर सरळ व्हायला मला हल्ली दोन मिनिटं लागतात, तेवढा नमस्कार जास्त समजा.) तुमचा गुडघा कसा आहे? माझी प्रकृती उत्तम आहे असं डॉक्टर म्हणतात. मला कुणी विचारत नाही.

तुमचा धाकटा भाऊ आणि मी सहल करून आलो, त्याची ही हकिकत. मोरेश्वर एकतीस वर्षं ओहायोतल्या डब्लिन नावाच्या गावात राहतोय, हे तुम्हाला माहीत आहेच. सुनेत्रावहिनी गेल्यापासून त्या एवढ्या घरात एकटाच. या उन्हाळ्यात त्याने डोक्यात घेतलं की मरण्याआधी खरं डब्लिन बघायचं, म्हणजे आयर्लंडची राजधानी. मी म्हटलं, एका डब्लिनने पोट भरलं नाही का रे? पण ऐकतो कोण! तिकिटं काढून मोकळा.

पाच दिवसांत पाच दिवस पाऊस. जुनी दगडी चर्चं, किल्ला, मधून वाहणारी काळपट नदी, सगळं मी ओल्या चष्म्यातून पाहिलं, कारण मोरेश्वर पहिल्या दिवशी स्वतःची छत्री बसमध्ये विसरला आणि दुसऱ्या दिवशी माझी. किल्ल्यात त्याने गाइडला एकच प्रश्न तीनदा विचारला. (ती बिचारी तिन्ही वेळा हसून उत्तर देत होती. मला वाटलं, याचे कान गेले.)

तिसऱ्या दिवशी सकाळी पेपर आणायला म्हणून हॉटेलातून बाहेर पडला, तो दुपारपर्यंत पत्ता नाही. मी भिजत, धापा टाकत पोलीस चौकी गाठली, तर तुमचे बंधू तिथे ऐटीत चहा पीत बसलेले! राहता कुठे, असं पोलिसांनी विचारल्यावर यांनी सांगितलं, डब्लिन. घर? अठ्ठावीस, मेपल कोर्ट. दोन हवालदार तीन तास आपल्याच शहराच्या नकाशात मेपल कोर्ट शोधत होते. मला इतकं हसू आलं की खुर्ची धरून बसावं लागलं. पोलीसही हसले. मोरेश्वर तेवढा हसला नाही. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "गुरु, यांना सांग ना यार, मला घरी सोडा म्हणावं. सुनेत्रा जेवायची थांबली असेल."

उरलेले दोन दिवस मी त्याचा हात धरून शहर पाहिलं. काय पाहिलं ते विचारू नका.

तुमचा,
गुरुनाथ

ता. क. मोरेश्वरच्या मते हरवलो होतो मी. प्लेनोला राहणाऱ्या मुलाला, कुमारला, फोनवर त्याने ते इतकं रंगवून सांगितलं की कुमार म्हणाला, बाबा एकदम फाइन वाटतात.

आणखी एक. सहलीचं निमित्त होतं, पत्र यासाठी लिहिलं: डॉक्टरांनी मोरेश्वरच्या आजाराचं नाव सांगितलंय. कुमारलाही आता सगळं ठाऊक आहे, तो न्यायला तयार आहे. हाच घर सोडत नाही. तुम्ही फोन करून त्याला रागवा, लहानपणी रागवायचात तसं. समजावू नका. समजावायला गेल्या शनिवारी मी विमानाने गेलो होतो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दारापर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, "तुम्ही एवढ्या लांबून आलात, बरं वाटलं." ताई, पन्नास वर्षांत त्याने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.