मास्टर सिलिंडर सोडून सर्व काही

मी, देवदत्त मोरेश्वर सबनीस, वय वर्षे चोपन्न, राहणार मुलुंड पूर्व, व्यवसाय वाहन-विम्याच्या दाव्यांची तपासणी, पूर्ण शुद्धीवर आणि दुसरा चहा घेऊन हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. त्रास मात्र आहे, आणि तो सर्वप्रथम नोंदवतो. आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील एसीचे पाणी गेली दोन वर्षे माझ्या जीपच्या बॉनेटवर थेंबाथेंबाने पडत आहे. सेक्रेटरींकडे तक्रार केली असता "साहेब, गाडी जरा सरकवा ना" असे उत्तर मिळाले. पार्किंगची जागा सोसायटीने आखलेली, पाणी सोसायटीच्या सदस्याचे, आणि सरकायचे जीपने. जगात न्याय असता तर मला विमा कंपनीत नोकरीच मिळाली नसती. असो.

हे पत्र आजच करण्याचे कारण असे, की परवा रविवारी माझी मुलगी जान्हवी तिच्या जीपवाल्या मंडळींच्या सहलीत ही जीप घेऊन माळशेज घाट उतरणार आहे, मी तिच्या शेजारी बसणार आहे, आणि जीपच्या ब्रेकवर माझा विश्वास नाही. पत्नी गंधालीला हे सांगितले तेव्हा ती मेथी निवडत म्हणाली, "मग मृत्युपत्र करून जा. आणि लॉकरची किल्ली कुठे ठेवलीयस तेवढं नीट लिही." तिने ते चेष्टेत म्हटले. मी चेष्टेत घेतले नाही.

१. राहते घर. निम्मे गंधालीच्या नावावर आहेच. उरलेले निम्मे, ज्यात गळके न्हाणीघर येते, तेही तिलाच. लॉकरची किल्ली देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला आहे.

२. बँकेतील ठेवी व भविष्य निर्वाह निधी. सर्व गंधालीला. माझ्या आयुर्विम्याचा दावा करताना तिने फॉर्ममध्ये खरे लिहावे आणि थोडक्यात लिहावे. लांबलचक उत्तर दिसले की आमच्या लोकांना वास येतो.

३. जीप. फौजेने मोडीत काढलेली ही जीप मी लिलावात घेतली. तिची जुळी बहीण त्याच दिवशी माझा तेव्हाचा मित्र श्यामसुंदर याने घेतली. त्या खेपेतल्या जीपांचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडल दाबल्यावर चारही चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारे ओतीव लोखंडी नळकांडे, जगावेगळ्या मापाचा आहे. पावसाळ्यानंतर माझा सिलिंडर आतून झिजला. नवे रबर घातले, ते टिकले नाही. मग शोध सुरू झाला. अंधेरीचा दुकानदार म्हणाला, हे मॉडेल बंद झाले. घाटकोपरचा म्हणाला, असे मॉडेल नव्हतेच.

या धंद्यात तोंडी वर्णनाला किंमत नाही, जुना नग नेऊन दाखवावा लागतो. म्हणून मी सिलिंडर काढून पिशवीत घातला आणि कुर्ल्याच्या भंगार गल्लीत गेलो. तिथल्या एकाने तो हातात फिरवला. "गोडाऊन में है, साहब. सँपल छोड़ के जाओ, चार बजे आओ." चार वाजता प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला काळाकुळकुळीत सिलिंडर मिळाला. मी विचारले, "माझा जुना?" तो म्हणाला, "वो तो भंगार में गया." मला जरा वाईटही वाटले.

बुधवारी जान्हवीने तो बसवला. आज दुपारी मी जीपखाली शिरून रॉकेलच्या फडक्याने सांडलेले ऑइल पुसत होतो, तर काळा रंग फडक्यावर उतरला. खाली लोखंडावर कानशीने मारलेल्या दोन खाचा निघाल्या. त्या मीच मारल्या होत्या, पूर्वी कधीतरी, आपला माल ओळखता यावा म्हणून. खोटी बिले पकडण्यात ज्याची हयात गेली, त्या तपासनिसाने स्वतःचाच बाद झालेला सिलिंडर नवा म्हणून विकत घेतला होता. ही गोष्ट माझ्या ऑफिसात कळू नये, निदान पहिले वर्षश्राद्ध होईपर्यंत.

मी जान्हवीला खाली बोलावले आणि खाचा दाखवल्या.

"पण लागतोय ना ब्रेक?" ती म्हणाली.

"पाय दाबून धर. धरूनच ठेव."

पॅडल आधी घट्ट राहिले. मग हळूहळू, झोप आल्यासारखे, खाली जात पत्र्याला टेकले. तिने दोनदा पंप मारला, ते पुन्हा वर आले.

"येतंय ना वर."

"घाटात तू पंप मारेपर्यंत वळण थांबणार नाही."

"बाबा, पंधरा गाड्या माझ्या मागे असणारेत. पहिल्यांदा मला पुढे ठेवलंय. आता काय सांगू, माझा बाबा खाचा मोजत बसलाय?"

"सांग."

"नाही सांगणार. तू लिही रिपोर्ट. 'चालकाचा निष्काळजीपणा.' श्यामकाकावर लिहिलास तसा."

मी एवढेच म्हणालो, की शेजारच्या सीटवर मी बसणार.

४. श्यामसुंदर. हा आता गोराईला रोपवाटिका चालवतो. नऊ वर्षांपूर्वी त्याने आपली जीप तिथल्या किनाऱ्यावर उभी केली आणि जेवायला गेला. भरतीही जेवायला आली. दावा तपासायला माझ्याकडे आला. मी लिहिले, 'मालकाचा निष्काळजीपणा.' दावा फेटाळला गेला. त्या अहवालातले अक्षर न अक्षर तेव्हा खरे होते आणि आजही आहे. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. बुडालेली जीप त्याने एकट्याने सुटी करून, धुऊन, पुन्हा रस्त्यावर आणली असे ऐकतो. मुंबईत त्या मापाचा दुसरा सिलिंडर असलाच तर तिच्यात आहे. तो मागायला मी जाणार नाही. श्यामसुंदरला या पत्रान्वये मी काहीही देत नाही.

५. वर उल्लेखिलेली जीप व पान्यांची पेटी जान्हवीला. या कलमाला वकिलांच्या नमुन्यात आणखी एक वाक्य असते, 'सदर लाभार्थी मृत्युपत्रकर्त्याच्या आधी अथवा त्याच्यासोबत मरण पावल्यास'. ते लिहिल्याशिवाय कलम पुरे होत नाही. मी ते तीनदा लिहायला घेतले. लिहिलेले नाही.

स्थळ : मुलुंड. शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५.
सही : देवदत्त मो. सबनीस
साक्षीदार : वसुधा कर्णिक, मिहिर टिपणीस (दोघेही शेजारी, दोघांनीही मजकूर न वाचता सही केली, आणि तेच बरोबर आहे)

पुरवणी

मी, वरीलच इसम, अजून हयात आणि त्याच शुद्धीवर, माझ्या मृत्युपत्राच्या कलम ५ मध्ये पुढीलप्रमाणे बदल करतो : जीप जान्हवीला, मास्टर सिलिंडर सोडून. कारणे खाली देत आहे.

ते एक वाक्य लिहिता आले नाही, म्हणून शनिवारी सकाळी मी बोटीने खाडी ओलांडून गोराईला गेलो. श्यामसुंदर जास्वंदीच्या कुंड्यांना पाणी घालत होता. त्याने पाईप बंद केला नाही.

"कोण गेलं?" त्याने विचारले.

"अजून कोणी नाही."

"मग कशाला आलास?"

"माझा सिलिंडर गेलाय. जान्हवी उद्या माळशेज उतरतेय."

"तिला अडव."

"अडत नाही."

"तुझ्यावर गेलीय," असे म्हणून त्याने कुंडी बदलली.

त्याची पत्नी वनमालावहिनी दारात आल्या. "भाऊजी, आधी चहा घ्या. मग भांडा दोघं."

"आम्ही भांडत नाही गं," श्यामसुंदर म्हणाला. "हा रिपोर्ट लिहितो, मी वाचतो."

पण पाईप बंद झाला होता. तो आपल्या जीपखाली शिरला. मी पाने देत गेलो. कुठला पाना हवा ते त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. सिलिंडर बाहेर आल्यावर त्याने तो उघडला, आतून बोट फिरवले आणि उन्हाकडे धरला. आतली भिंत आरशासारखी होती. त्याने नवे रबर घातले.

"पण यात समुद्र जाऊन आलाय, देवा. मी हमी देत नाही."

"मी मागितली नाही."

"मंगळवारी मला या जीपने खत आणायचंय," तो म्हणाला, आणि पुन्हा पाईपकडे गेला.

संध्याकाळी जान्हवीने तो बसवला. तिने विचारले, "श्यामकाका बोलला?" मी म्हणालो, "रिपोर्टबद्दल बोलला." मग मी न सांगता ती पॅडल बराच वेळ दाबून धरून बसली. ते खाली गेले नाही. पण गाडी उभी होती, आणि उभ्या गाडीचा ब्रेक कोणाचाही चांगला असतो.

रविवारी दुपारी आम्ही घाट उतरू लागलो. आरशात मागच्या गाड्यांची रांग दिसत होती. मी दरी पाहिली नाही, जान्हवीच्या पायाकडे पाहत होतो. एका आंधळ्या वळणानंतर रस्त्याच्या मधोमध टायर काढलेला टेम्पो उभा होता आणि त्याच्या मागे एक माणूस उकिडवा बसून जॅक फिरवत होता. त्याने मान वर केली. जान्हवीचा पाय खाली गेला. नोकरीत मी अशा प्रसंगांची पुढची ओळ पुष्कळदा वाचली आहे, ती ठरलेली असते. पॅडल अर्ध्यावर गेले आणि तिथेच राहिले. जीप थांबली. तो माणूस आमच्याकडे पाहत होता, जॅकचा दांडा तसाच हातात.

मागच्या गाड्या एकेक करून थांबल्या.

"बाबा," जान्हवी म्हणाली. "गुडघा माझाय. हात काढ."

सबब, सदर सिलिंडर माझ्या मालमत्तेचा भाग नाही. आज मंगळवारी सकाळी तो काढून मी गोराईला नेला. माझी जीप मुलुंडला ब्रेकविना उभी आहे. जान्हवीने तिच्यासाठी स्वतः सिलिंडर शोधावा, मिळेपर्यंत ती चालवू नये, आणि शोधताना सँपल हातातून सोडू नये. एवढेच माझे व्यावसायिक ज्ञान मी तिच्यासाठी मागे ठेवतो. ही अट तिने मान्य केली आहे, न भांडता, याची नोंद घ्यावी.

श्यामसुंदर वाफ्यात होता. मी त्याला हाक न मारता त्याच्या जीपखाली शिरलो आणि सिलिंडर जागच्या जागी आवळला. पण सिलिंडर बसवला की नळ्यांतली हवा काढावी लागते, आणि ते काम एकट्याचे नाही. एकाने सीटवर बसून पॅडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाशी आडवे पडून निपल, म्हणजे हवा सोडायचा पोकळ स्क्रू, सैल करायचा, ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर पडले की आवळायचा. मी पाना हातात घेऊन मागच्या चाकापाशी पडून राहिलो. थोड्या वेळाने त्याच्या चपला दिसल्या. जीप त्याच्या वजनाने जरा खाली बसली.

"दाब," मी म्हणालो.

"दाबलंय."

"धर."

"धरलंय."

"सोड."

चारही चाके होईपर्यंत आम्ही याव्यतिरिक्त एक शब्द बोललो नाही. शेवटच्या चाकाला नुसते स्वच्छ ऑइल येऊ लागले, एकही बुडबुडा नाही. मी निपल आवळला. तो सीटवरून उतरला नाही.

"अजून एकदा घे," तो म्हणाला.

हवा संपली होती, हे त्याला पॅडलवरून कळत होते आणि मला दिसत होते. मी निपल पुन्हा सैल केला.

"दाब," मी म्हणालो.

स्थळ : गोराई. मंगळवार, ९ डिसेंबर २०२५.
सही : देवदत्त मो. सबनीस
साक्षीदार : श्यामसुंदर वि. पाठारे (बोटांना ऑइल असल्याने कागदावर डाग पडला आहे, तो ग्राह्य धरावा), वनमाला श्या. पाठारे