निशाण आणि माझा गुडघा

१ जानेवारी १९५७, मंगळवार

आजपासून डायरी. पोलादपुरात विम्याच्या एजंटाने फुकट दिली. मी विमा काढीन अशी त्याची समजूत आहे. असो. डायरी कुणाला दाखवायची नाही. चंद्रभागेला वाचता येत नाही, म्हणजे ट्रंकेला कुलूप लावायची गरज नाही. तरी लावतो. बायकोच ती.

संकल्प एकच. यंदाच्या शिमग्याला निशाण घेऊन मीच धावणार.

पुढेमागे विसरायला नको म्हणून लिहून ठेवतो. शिमग्यात आमच्या वाडीच्या जननीदेवीची पालखी ओढ्याजवळच्या शिवेपर्यंत जाते. पलीकडच्या वाडीची पालखी तिकडून येते. शिवेच्या दगडापाशी दोघींची भेट होते आणि दोन्ही पालख्या एकदम झुकतात. आपल्या पालखीच्या पुढे निशाण घेऊन धावत जायचं, ते दगडापाशी रोवायचं आणि उभं राहायचं, हा मान आजोबांपासून आमच्या घरात आहे.

मागच्या वर्षी धावताना गुडघा गेला. कारण, बांध. तिथे बांध नको होता. लोक म्हणतात, कोण कोण बघतंय ते बघायला मी मागे वळलो होतो. मग? मागून पालखी येते की नाही हे निशाणवाल्याने बघायला नको?

५ जानेवारी

पहाटे पाचला उठून ट्रेनिंग, असा प्रोग्राम. उठलो. बाहेर जाऊन थंडी पाहिली. परत आलो. गुडघ्याला थंडी वाईट. सोमवारपासून नक्की.

७ जानेवारी, सोमवार

सोमवारचा माझा उपास असतो हे लक्षात नव्हतं. उपाशीपोटी धावू नये.

११ जानेवारी

धावलो! घरापासून कापडे गावाच्या रस्त्यापर्यंत आणि परत. मुंबईचे कॅनव्हासचे शूज घालून. मुंबईत सहा वर्षं दुकानात कारकुनी केली ती काही उगाच नाही, वाडीत शूज फक्त माझ्याकडे.

घड्याळ नाही म्हणून मनात आकडे मोजतो. जाताना तीनशे झाले, येताना दोनशे दहा. एका दिवसात केवढी सुधारणा! दमल्यावर आकडे जरा सावकाश येतात, पण तो बारीकसारीक फरक धरत नाही.

येताना चंद्रभागा डोक्यावर हंडा घेऊन पाण्यावरून येत होती. ती माझ्या आधी घरात शिरली. तिला वाटेची सवय आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. रेस्ट.

१५ जानेवारी

गुडघा सुजला. तीळ उष्ण. ठकूबाईला बोलावलं. वाडीत कुणाची शीर चढली, हाड सरकलं की तीच चोळते, माणसाचं काय आणि म्हशीचं काय. तिने तेल लावून असा अंगठा दाबला की मला पोलादपूरपासून महाडपर्यंतचे सगळे देव आठवले. वर निर्गुडीचा पाला बांधला. म्हणाली, गुडघ्याला काय एक झालेलं नाय रे कोंडाजी, प्वाट कमी कर. अडाणी बाई. पोट कुठे आणि गुडघा कुठे!

१६ ते २९ जानेवारी

रेस्ट. चांगल्या खेळाडूला रेस्ट कधी घ्यायची ते कळतं.

३ फेब्रुवारी

देवळात गावकी बसली. कुशाबा वाडीतला सगळ्यांत वडीलधारा, शिमग्याचं सगळं त्याच्या हातात. तो म्हणाला, यंदा निशाण हैबतीनं न्यावं. हैबती माझा सख्खा चुलत भाऊ. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, अंगावर मांस नाही, छाती नाही. नुसते पाय.

मी उठलो आणि भाषण केलं. आजोबा, वडील, परंपरा, काही सोडलं नाही. दोघाचौघांचे डोळे ओले झाले असावेत. मग खाली बसताना गुडघा कट्कन वाजला. तो सगळ्यांनी ऐकला.

तेव्हा हैबती म्हणाला, दादाच नेईल की. मी आपला मागनं धावतो, लागलंच तर हाय. काय लबाड आहे बघा! मी पडायची वाट बघत दहा पावलं मागून येणार!

कुशाबाने कबूल केलं. पण निशाणाला काही झालं तर मान कायमचा हैबतीच्या घरी जाईल, असं सगळ्यांसमोर ठरलं. मग त्याने नियम पुन्हा सांगितले. निशाण पडता नये, कुणाला शिवू देता नये, शिवेपलीकडे जाता नये, गेलं तर आपल्या पालखीला आधी झुकावं लागतं, वगैरे. पलीकडे कोण कशाला जाईल? दगडापर्यंत पोचायचीच मारामार. म्हणजे दुसऱ्या कुणाची.

४ फेब्रुवारी

रात्रभर झोप नाही. वडील गेले तेव्हा शेवटचं निशाणाबद्दलच बोलले होते. मान माझ्या हातून गेला तर मी वर जाऊन त्यांना काय सांगू? बांध होता म्हणून?

उद्यापासून कडक ट्रेनिंग. भात अर्धा.

५ फेब्रुवारी

भात अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा दुपारी खाल्ला.

१२ फेब्रुवारी

पोलादपूरच्या रस्त्यावर चांगला मैलभर धावलो. इलेक्शनची जीप मागून आली, माझ्याशेजारी थांबली. आतल्या माणसाने विचारलं, दवाखान्यात सोडू का? मी सांगितलं, ट्रेनिंग चालू आहे. तो म्हणाला, बरं बरं, पण मताचं लक्षात ठेवा. जीप गेल्यावर तिचा धुरळा माझ्या नाकातोंडात गेला, म्हणून तिथून चालत आलो. नाहीतर मी थांबणार नव्हतो.

१७ फेब्रुवारी

शूज टाचेला लागतात. पाय वाढले असावेत, ट्रेनिंगने.

२१ फेब्रुवारी

ट्रेनिंग झालं नाही. सकाळी धावायला निघणार तोच म्हैस दावं तोडून सुटली. शूज घालायला वेळ कुठला, तसाच अनवाणी मागे लागलो. तीन खाचरं, मग माळ, मग पुन्हा खाचरं. भाताच्या खुंटांवर पाय पडत होते. ठकूबाईच्या वालांतून गेलो, ती ओरडत होती ती ओरडतच राहिली. म्हैस चौखूर उधळलेली आणि मी तिच्यामागे. मध्येच मला हसू फुटलं. कशाला, देव जाणे.

शेवटी म्हैस आपणहून थांबली. घरी आल्यावर चंद्रभागेने विचारलं, अवो, आज येवढे खूश कशापायी? मी म्हटलं, खूश कुठला? आजचा दिवस फुकट गेला. आकडे मोजायचे राहिले.

६ मार्च

हैबती येऊन गुडघा कसा आहे ते विचारून गेला. चौथ्यांदा. मी म्हटलं, लोखंडासारखा. तो म्हणाला, लोखंड गंजतं रे दादा, त्याल लावत जा. टोमणे कळतात मला.

१५ मार्च, शुक्रवार

होळी. मुंबईकर सगळे रजा काढून आलेत. वाडीत एवढी माणसं वर्षातून एकदाच. बघायला लोक पुष्कळ असणार. मी मागे वळून बघणार नाही. एकदाच बघीन, सुरुवातीला.

१७ मार्च

उद्या. सगळी तयारी झाली. भीती वगैरे काही नाही. चंद्रभागेने विचारलं, भरदुपारी गोधडीत का शिरलात? म्हटलं, थंडी. मार्च महिना आहे हे नंतर लक्षात आलं.

खरं लिहायचं तर फार भीती वाटते. पडलो तर मान गेला. ट्रेनिंग एकूण नऊ दिवस झालं, म्हैस धरून दहा.

१८ मार्च, संध्याकाळ

जिंकलो!! सविस्तर लिहितो.

ढोल वाजले, पालखी उठली, कुशाबाने निशाण हातात दिलं. शूज काढून टाकले. पहिली पन्नास पावलं गुडघा कुरकुरत होता. मग गप्प झाला. निशाणाचं फडकं डोक्यावर फडफडत होतं, कानात वारा, ढोल मागे पडला. मोजायला सुरुवात केली आणि सोळाच्या पुढे काय ते आठवेना. आणि काय सांगू, पुन्हा तेच हसू! मिसरूड फुटायच्या आधी असा धावायचो मी, काही कारण नसताना, उतारावरून नुसता सुटायचो. तेव्हा मान नव्हता, निशाण नव्हतं. बावीस वर्षांत हे विसरून गेलो होतो. गाढव आहे मी.

मागून हैबती ओरडायला लागला, थांब दादा, थांब! मी मनात म्हटलं, लेका, आता कसा दम लागला? आणखी जोरात सुटलो. तो ओरडतोय आणि मी पळतोय. मध्ये पायाला गार पाणी लागलं, फार बरं वाटलं.

मग समोर देऊळ आलं. तिथे लोक पालखीला फुलं बांधत होते. मला बघून सगळे उठले. काय ते अगत्य! घोंगडी टाकली, गूळ-पाणी दिलं, निशाण दोन्ही हातांनी घेऊन देवळात नेऊन उभं केलं. त्यांचा गुरव तर इतका हसत होता की माणूस प्रेमळ असावा. मी गूळ खाताना मनात म्हटलं, आमच्या वाडीत हे देऊळ कधी बांधलं?

तेवढ्यात हैबती पोचला. माझ्या किती मागून! धापा टाकत म्हणाला, दादा, ह्यो त्यांचा गाव हाय.

१८ मार्च, नंतर

वरचं 'जिंकलो' खोडावं का ते ठरत नाही.

ते गार पाणी ओढ्याचं होतं. शिवेचा दगड ओढ्याच्या अलीकडे. मी दगड ओलांडून दोन फर्लांग आत गेलो. आमची पालखी शिवेवर तासभर उन्हात उभी राहिली, मुंबईकर डोक्यावर रुमाल टाकून बसले. मग त्यांची पालखी आली, निशाण त्यांच्या माणसाच्या हातात. आणि आमची जननी आधी झुकली. माझ्यामुळे. चंद्रभागेने तोंडाला पदर लावला होता. हसत होती की रडत होती, ते विचारायची छाती झाली नाही. मी मात्र रडलो.

१९ मार्च

गावकी. कुशाबा ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, रे कोंडाजी, आजवर निशाण पडल्याचं ऐकलंय, मोडल्याचं ऐकलंय. पण कुणी येवढा जोरात धावला की गावच बदललान्, हे काय आम्ही ऐकलेलं नाय. सगळे हसले. मान हैबतीच्या घरी गेला. मी पालखीमागून पाण्याची घागर घेऊन चालायचं. चालायचं, हे दोनदा सांगितलं.

मी एवढंच म्हटलं की हैबतीला मी मागे टाकलं, हे तरी कुणीतरी लक्षात घ्या. हैबती खाली बघत होता. लाजला असेल.

२३ मार्च

पहाटे जाग आली. ट्रेनिंगची आता गरज नाही हे आठवलं. तरी बाहेर पडलो, अनवाणी. रस्त्यावर हैबती भेटला. म्हणाला, आता मला धावायला लागणार, तर सराव करतो, येतोस? मी म्हटलं, चल, शिकवतो.

शंभर पावलं तो माझ्याबरोबर होता. मग म्हणाला, जरा पाय मोकळे करतो हां. आणि गेला. गेला म्हणजे काय, मी नाक शिंकरेपर्यंत पुढच्या वळणावर! मी आयुष्यात असं धावलेलो नाही.

तो परत आल्यावर विचारलं, मग त्या दिवशी मला का गाठलं नाहीस? तो वाकून पायातला काटा काढायला लागला. मग म्हणाला, गाठून काय करू? दोन्ही गावांच्या देखत थोरल्या भावाच्या हातातनं निशाण हिसकून घेऊ? आनि तू हसत होतास रे दादा. तुला हसताना बघून किती वर्सं झाली.

या पोराबद्दल या डायरीत मी काय काय लिहून ठेवलंय. कुलूप लावत होतो तेच बरं.

तो पुन्हा पुढे गेला. मी आपला मागून, गुडघा सांभाळत, माझ्या चालीने. धावतच. तो कापड्यापर्यंत जाऊन परत आला तरी मी अजून जातच होतो. त्याने विचारलं, दादा, थांबायचं काय?

नाय, म्हटलं.