गुरुवारची बॅटरी

५ जुलै, गुरुवार
सकाळीच वीज गेली. गुरुवारी वीज नसते म्हणून मी ऑफिसात काम करते त्या कात्रजच्या कारखान्याला सुट्टी. आणि वीज नसते म्हणूनच घरी लॅपटॉप चालत नाही. लिहायला मिळणारा एकच दिवस, तोही असा. पण लॅपटॉपला बॅटरी असते, असं मी धरून चालले होते. उलटा करून पाहिला तर बॅटरीची जागा रिकामी.

ह्यांनी शांतपणे कपाट उघडलं. चांगल्या कपबशांच्या मागे, मलमलीत गुंडाळलेली बॅटरी. "वापरली की झिजते. घरात प्लग असताना कशाला?" ह्यांनी बँकेतून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतल्यावर हौसेने घेतलेलं यंत्र. दिवाळीपासून बॅटरी तिथेच निजून होती.

कांचन, आमची पेइंग गेस्ट, अकोल्याची. हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. बूट घालता घालता म्हणाली, "काका, बॅटरी म्हणजे काय लग्नातला शालू आहे का? ठेवून ठेवून मरते ते."
"बरं झालं सांगितलंस. शालूही उद्यापासून रोज नेसायला काढतो," हे म्हणाले.

देशमाने संपादकांना दिवाळी अंकासाठी दीर्घकथा १० ऑगस्टला हवी आहे. इतक्या वर्षांनी कुणी माझ्याकडे दीर्घकथा मागितली. निम्मी झाली आहे. कागदावर मी फार खोडते, मग खोडलेलंच वाचत बसते. पडद्यावर व्रण राहत नाहीत. म्हणून हा हट्ट.

८ जुलै, रविवार
बॅटरी चार्ज केली. भाजी शिजेपर्यंत टिकली, वरणाला नाही.

कांचन म्हणाली, लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम टाकून पाहू, बॅटरी कमी खाते. विंडोजही राहील, सुरू करताना कुठलं हवं ते निवडायचं.
"एका घरात दोन संसार?" हे.
"भांडत नाहीत ते, काका."
"मग ते संसार नव्हेत."

१२ जुलै, गुरुवार
लिनक्सवर पहिलाच दिवस. पंखा पिठाच्या गिरणीसारखा. सुमती (माझी नायिका, व्हीआरएस घेतली आहे, घरी सांगितलेलं नाही, रोज डबा घेऊन ऑफिसला म्हणून निघते) जिना उतरत होती. मधल्या पायरीवर पडदा काळा. विंडोजपेक्षाही लवकर.

कां.ला फोन केला. "काकू, सेटिंग कुठे केलं अजून? नवीन सून आल्या आल्या काटकसर करते काय?"

दुपारभर चिडून डबे घासले. स्वयंपाकघर मात्र लखलखीत.

१५ जुलै, रविवार
दिवसभर प्रयोगशाळा. कांचनची शिस्त: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग बॅटरी संपेपर्यंत चालवायचं. आधी पडद्याचा उजेड कमी. मग वायरलेस बंद. मग प्रोसेसरला हळू चाल. विंडोजमध्ये पाहिलं तर सेटिंग 'हाय परफॉर्मन्स'. हे कुणी केलं?
"मी," हे म्हणाले. "पैसे पूर्ण मोजले, तर काम अर्धं का घ्यायचं?"

बॅटरी जपायला कपाटात, आणि यंत्र धावायला पूर्ण वेगात. हा माणूस असाच. लग्नातही असाच होता.

प्रयोगासाठी कुणीतरी सतत टंकत बसायला हवं. ह्यांना बसवलं. "काय लिहू?" काहीही लिहा. कुरकुरत सुरुवात केली, मग चहासुद्धा तिथेच मागितला.

१६ जुलै, सोमवार
सकाळी ह्यांचं प्रयोगाचं लिखाण आपोआप साठवलेलं सापडलं. आमची लग्नानंतरची महाबळेश्वरची सहल. 'धुकं इतकं की घोडाही दिसेना. हिची पिवळी साडी तेवढी दिसत होती. मी तिच्या मागून चालत राहिलो. पॉइंटवर पोचल्यावर मी तिला म्हणालो की' आणि इथे बॅटरी संपलेली.

संध्याकाळी विचारलं, काय म्हणाला होतात?
"आता काय आठवतंय. तुझी बॅटरी गेली ना."
मान पेपरात. कान मात्र लाल.

बसमध्ये, ऑफिसात, मी दिवसभर हसत होते. हे काय म्हणाले होते, मलाही आठवत नाही. किती छान.

२२ जुलै, रविवार
निकाल. सेटिंग नीट केल्यावर बॅटरी कित्येक पट टिकते, दोन्हीकडे जवळजवळ सारखीच. लिनक्स किंचित पुढे. कां. जरा हिरमुसली, तिला दणदणीत विजय हवा होता. "म्हणजे सिस्टीमचा नाही, सवयींचाच दोष होता म्हणायचा."

मी लिनक्स ठेवलं. कां.ला वाटतं बॅटरीसाठी. खरं म्हणजे तिकडे हे फिरकत नाहीत. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत मला इतक्या वर्षांनी स्वतःची खोली मिळाली.

२६ जुलै, गुरुवार
उजेड कमी केला की दिवसा पडदा दिसत नाही. म्हणून खिडक्या लावून, पडदे ओढून बसले. ह्यांनी दार किलकिलं करून पाहिलं. "फोटो धुतेस की काय?"

पंखा गप्प. जेवणापर्यंत लिहिलं, जेवणानंतरही. सुमती जिना उतरली, बसमध्ये बसली, स्वारगेटला उतरली. असा दिवस कधी मिळाला होता आठवत नाही. पोळ्या ह्यांनी बाहेरून आणल्या. 'जाड आहेत' एवढंही म्हणाले नाहीत.

२ ऑगस्ट, गुरुवार
आज उलटंच. बॅटरी निम्मी शिल्लक आणि मी संपलेली. सुमती स्वारगेटच्या बाकावर बसून राहिली आहे. घरी सांगणार की नाही, मला माहीत नाही. इतके दिवस यंत्राला बोल लावत होते. ते बिचारं आज तयार बसलं होतं.

दुःख व्हायला हवं होतं. झालं नाही. कित्येक वर्षांनी अडचण खरोखर गोष्टीतली आहे. गॅसची, बसची, विजेची नाही. देशमान्यांचा फोन. "बाई, पानं राखून ठेवली आहेत. कोरी छापायला लावू नका."

९ ऑगस्ट, गुरुवार
उद्या द्यायची. खोलीत बसवेना. लॅपटॉप बाजाराच्या पिशवीत घातला आणि स्वारगेटला निघाले. ह्यांनी विचारलं, "सुट्टीच्या दिवशी एसटी स्टँडवर?" मग स्वतःच म्हणाले, "छत्री ने. यंत्राला, तुला नाही."

बाकावर बसून लॅपटॉप उघडला. शेजारी फलटणच्या बाई, मांडीवर गाठोडं. बराच वेळ पाहत होत्या.
"ऑफिसचं हाय का?"
"नाही, गोष्ट."
"कुणाची?"
सांगितली. नोकरी सुटली, घरी बोलली नाही, इथे येऊन बसते.
"घरी बोलंल की. पर डबा खाल्ला का तिनं?"

खाल्ला नव्हता. इतकी पानं मी तिला उपाशी ठेवलं होतं.

त्यांची गाडी लागली, त्या गेल्या. मी लिहीत राहिले. सुमतीने डबा उघडला. मेथीची भाजी, दोन पोळ्या, लसणाची चटणी. शेजारच्या माणसाला 'घ्या' म्हणाली. ती घरी सांगणार की नाही, ते आता तो काय बोलतो त्यावर आहे. चार्ज भरपूर होता, पण मी बंद करून घरी आले. ती निवांत जेवते आहे. उद्या सकाळपर्यंत तिला घाई करायची नाही.