ताउनोची जागा

५ ऑगस्ट, शनिवार

— तळ्याच्या धक्क्यावर गुडघे टेकून मी सतरंज्या घासत होते. पाइनचा साबण, ताठ ब्रश, कोपरापर्यंत फेस. चिंध्यांच्या सतरंज्या भिजल्या की वासराएवढ्या जड होतात. दोन कठड्यावर निथळत होत्या, तिसरी पाण्यात. तेवढ्यात मागे ताउनोची मोपेड फटफटत येऊन थांबली. त्याने माझ्या शेजारी टोपली ठेवली. काठोकाठ पिवळी अळंबी! जर्दाळूसारखा वास.

"कुठून आणलीस?"

"जंगलातून."

एकेचाळीस वर्षं हेच उत्तर. आमच्या सावो भागातल्या माणसाला सरळ उत्तर देताना दात दुखतात, हे मान्य. इथे अळंबीची जागा कोणी शेजाऱ्याला सांगत नाही, भावाला सांगत नाही, हेही मान्य. पण बायकोला? तर म्हणायचा, "तू झोपेत बडबडतेस." म्हटलं, "ऐकायला तूच तर असतोस शेजारी!" हसायचा. सांगायचा नाही.

आज त्याच धक्क्यावर त्याच सतरंज्या धुताना हे आठवलं. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. पत्ता बरोबर घेऊन गेला.

सतरंज्या वाळत घालते तोच किर्सीची हिरवी गाडी आली. किर्सी, जावई यार्को आणि नात वेन्ला. माझी मुलगी आणि तिची मंडळी. कुओपिओहून तासभर गाडी चालवून दर शनिवारी येतात. कारण एकच — बाबांची जागा शोधायची. मागच्या उन्हाळ्यात हे किर्सीनेच काढलं. तोवर वर्षभर मी टपालपेटीपलीकडे गेले नव्हते. "जागा सापडेपर्यंत दर शनिवारी येणार," म्हणाली. मी म्हटलं, बरं.

पुरावा एवढाच — रस्त्याकडेला दुधाच्या कॅनांचा जुना ओटा आहे, त्याच्यापाशी ताउनोची मोपेड उभी असायची. आज ओट्यापासून डावीकडे टेकडी चढलो. मी म्हटलं, एकदा दलदलीच्या बाजूला पाहू.

"दलदलीकडे नको, आई. तिथे डास फार."

जसे काही टेकडीवरचे डास उपास करतात! यार्कोची मान पाहिली तर नकाशासारखी झाली होती.

अळंबी शून्य. ब्लूबेरी भरपूर, वेन्लाची जीभ जांभळी.

परतताना मात्र खजिना. पेट्रोलपंपावरच्या कॅफेत शनिवारी सॅल्मनचं सूप करतात, हे आम्हाला एका ट्रकवाल्याने सांगितलं होतं. दूध, बटाटे, वर मूठभर शेपू, आणि राय धान्याचा काळा पाव हवा तेवढा. वेन्लाने माशाचे तुकडे मोजले. तिला अकरा, यार्कोला सात.

"मला कमी का?"

"तू हेलसिंकीचा," किर्सी म्हणाली. "तुला वाढलं हेच खूप."

७ ऑगस्ट, सोमवार

कपाट आवरलं. लग्नात मिळालेले इनॅमलचे दोन कप — पांढरे, निळ्या काठाचे. माझा आहे. ताउनोचा नाही. अंत्यविधीनंतरच्या जेवणाची भांडी यार्कोने विसळली होती, कप नाही हे त्या दिवशीच लक्षात आलं, म्हणजे हरवला तो त्यानेच. मी त्याला तसं सांगत असते. वर्षातून चारेक वेळा.

१२ ऑगस्ट, शनिवार

पाऊस. जंगल रद्द. मंडळी मलाच गाडीत घालून कुओपिओच्या बाजारचौकात घेऊन गेली.

बोटभर मासळी, रायच्या पिठात घोळवून लोण्यात तळलेली. काटा, शेपटी, सगळं खायचं. कागदी ताटली धरून छपराखाली उभ्यानेच खाल्ली. एक सीगल आला आणि यार्कोच्या बोटांतून मासा घेऊन गेला. यार्को ओरडला, "हा पक्षी नाही, गुंड आहे!" सीगल दुसऱ्या फेरीला आला. या वेळी वेन्लाने त्याला स्वतःहून दिला. "बाबा, मागितलं की द्यायचं असतं."

पलीकडे एक बाई पिवळी अळंबी विकत होती. मी विचारलं, कुठून आणली?

"जंगलातून."

तिला मिठी मारावीशी वाटली. मागच्या ख्रिसमसला किर्सीने बटाट्यांवर अळंबीचा रस्सा केला होता, ती अळंबी बाजारातल्या बाईकडची असं म्हणाली होती. हीच असणार. मी बाईला सांगितलं, ही माझी मुलगी, तुमचं गिऱ्हाईक. बाईने किर्सीकडे नीट पाहिलं, वरून खाली. "असेल," म्हणाली. तीही सावोचीच!

किर्सीला एकदम घाई झाली. पार्किंगची वेळ संपत होती म्हणे.

१६ ऑगस्ट, बुधवार

ग्रंथालयाची गाडी आली. ड्रायव्हरबाई म्हणाल्या, "अळंबीचं पुस्तक? परत? आता परीक्षेलाच बसा."

बाराव्या वर्षी माझी शाळा सुटली आणि गोठा सुरू झाला. वाचायला लागले ते चाळिशीत, याच गाडीच्या पायरीवर. सुरुवातीला चित्रांची पुस्तकं न्यायचे आणि मुलीसाठी नेते असं सांगायचे. किर्सी तेव्हा पंधराची होती. कोणी हसलं नाही.

पुस्तकात लिहिलंय — आपल्याला दिसतं ते नुसतं फळ. खरा जीव जमिनीखाली असतो, धाग्याधाग्यांचा, झाडांच्या मुळांना धरून. फळ काढलं तरी तो राहतो. वर्षानुवर्षं.

हे पान दोनदा वाचलं. मग कॉफी ठेवली. सवयीने दोघांची ठेवली. आता मी ती दोघांची पिऊन टाकते, ओतत नाही.

१९ ऑगस्ट, शनिवार

टेकडीच्या मागची बाजू. शून्य! यार्को मुंग्यांच्या वारुळावर बसला. मुद्दाम नाही.

चर्चच्या आवारात बायकांनी उन्हाळ्याचं कॅफे मांडलंय. तळणीतून काढून साखरेत लोळवलेल्या गरम मुंक्की — मधे भोक पडलेल्या त्या गोड कड्या. वेलदोडा हात सैल सोडून घातलेला. वेन्ला म्हणाली, ओठ न चाटता खाऊन दाखवा. कोणालाच जमलं नाही. मला अर्धीपर्यंत जमलं. मग यार्कोने सीगलची नक्कल केली आणि मी हरले.

हसता हसता यार्को म्हणाला, "सप्टेंबरपासून वेन्लाचा फुटबॉलचा वर्ग आहे. शनिवारीच."

"दुपारी घालू तिला," किर्सी म्हणाली. "जागा सापडेपर्यंत यायचं ठरलंय ना?"

"आणि सापडली की?"

"सापडली की बघू."

मी दुसरी मुंक्की घेतली, भूक नसताना. सापडली की शनिवार संपले, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उगाच कोण दर आठवड्याला तासभर गाडी चालवत म्हातारीकडे येईल? ती येतात ती ताउनोच्या जागेसाठी. आणि मी वेड्यासारखी पुस्तकातून खुणा लिहून घेत बसलेय — जुने स्प्रूस वृक्ष, ओलसर शेवाळ, उताराची उत्तर बाजू.

२० ऑगस्ट, रविवार

रविवार फार लांब असतो.

२६ ऑगस्ट, शनिवार

पहाटे उठून रायच्या पिठाच्या पातळ पारीत भात भरून, कडांना चिमटे काढून उघड्या करंज्या भाजल्या. वर उकडलेलं अंडं लोण्यात कुस्करून. दुधाच्या ओट्यावर पाय सोडून चौघांनी खाल्ल्या. यार्कोने सात खाल्ल्या. "सासूबाई, जागा नाही सापडली तरी चालेल, हे चालू ठेवा."

आज मी मुद्दाम हळू चालले. जुने स्प्रूस दिसले की दुसरीकडे वळले.

२ सप्टेंबर, शनिवार

सापडली!

आणि मी कोणाला सांगितलेलं नाही.

झालं असं. थर्मासमधली कॉफी जास्त झाली. एकोणसत्तराव्या वर्षी कुठल्याही बारक्या बर्चमागे बसता येत नाही, आडोसा दांडगा लागतो. बाकीचे टेकडीच्या पायथ्याशी होते. मी दलदलीवर टाकलेल्या जुन्या फळ्यांवरून, काठी टेकत टेकत पलीकडे गेले. डास? सहा-सात. तेही म्हातारे.

पलीकडे दाट स्प्रूस. वाकून आत शिरले आणि पाय तिथेच थांबले. शेवाळावर सगळीकडे पिवळंधमक. उतारभर. कोणी अंड्यांचे बलक फोडून ओतत गेल्यासारखं. तो जर्दाळूचा वास.

खूण पटायला आणखी काही नको होतं, पण होतं. स्प्रूसच्या तुटक्या फांदीला इनॅमलचा कप टांगलेला. पांढरा, निळ्या काठाचा, कानापाशी टवका उडालेला. खाली बसायला गुळगुळीत दगड. कप हातात घेतला. आतून स्वच्छ, पावसाने धुतला असेल.

एकच कप! एकच दगड! आप्पलपोट्या, म्हटलं त्याला, मोठ्याने. एकेचाळीस वर्षांत दुसरा कप टांगावा असं वाटलं नाही? मग दगडावर बसले. थोडी रडले. थोडी हसले. ज्या कामासाठी गेले होते ते तसंच राहिलं.

पायथ्यावरून वेन्ला ओरडली, "आजीऽऽ! सापडलं का काही?"

"नाही गंऽऽ!"

हे कोण बोललं? माझ्याच तोंडून आलं, पण आवाज अगदी ताउनोचा.

एकही अळंबी तोडली नाही. कप जिथल्या तिथे टांगला. परत आले तर किर्सी माझ्या बुटांकडे बघत राहिली. बुटांना दलदलीचा काळा चिखल.

"कुठे गेली होतीस, आई?"

"जंगलात."

ती जवळ आली. माझ्या हातातली काठी घेऊन पुसली आणि परत दिली. "चला," म्हणाली, "सूप संपेल."

कॅफेत माझ्यासमोर यार्को. दोन वर्षं त्या गरिबाला कपावरून बोलतेय! माफी मागावी तर कप कुठे मिळाला ते सांगावं लागेल. माझ्या वाटणीचे माशाचे सगळे तुकडे उचलून त्याच्या ताटलीत घातले. तो घाबरलाच. "सासूबाई, बरं वाटतंय ना? डॉक्टरकडे जायचं का?"

निघताना मी म्हटलं, किर्सी, आज राहा ना, उद्या रविवार. म्हणाली, "उद्या माझी ड्युटी आहे, आई." नर्सच्या कामाला रविवार नसतो. गाडी गेली.

सांगायला हवं का? त्यांचा बाबा, त्यांचा आजा. त्यांनी दोन उन्हाळे डास खाल्लेत. पण सांगितलं की संपलं. न सांगितलं तर मी खोटारडी, दर शनिवारी.

उद्या सकाळी सायकलने जाईन. माझा कप घेऊन जाईन आणि त्याच्या शेजारी टांगीन. सांगायचं की नाही ते तिथे बसून ठरवू. दोघांनी.

३ सप्टेंबर, रविवार

दुधाच्या ओट्यापाशी हिरवी गाडी उभी होती.

वाटलं, काल काही विसरून गेली असेल. फळ्यांवरून पलीकडे गेले, फांदी बाजूला केली. किर्सी दगडावर पाठमोरी बसली होती. एकटी. शेजारी थर्मास. हातात त्याचा कप. कॉफी पीत होती आणि समोर कोणी असल्यासारखी हळूहळू बोलत होती. मधेच हसली. पायाशी टोपली, निम्मी भरलेली, देठ नीट सुरीने कापलेले. नवख्या माणसासारखी ती कुठे बघत नव्हती. तिचं सगळं ओळखीचं होतं.

बापाने तिला सांगितलं होतं, की तिने शोधून काढलं? मला माहीत नाही. विचारणारही नाही.

मी हाक मारली नाही. फांदी अलगद सोडली. सायकल रस्त्यापर्यंत हातात धरून नेली, साखळी वाजू नये म्हणून. घरी येऊन माझा कप धुतला, वापरलाच नव्हता तरी.

संध्याकाळी तिला फोन केला. ड्युटी कशी झाली? "झाली," म्हणाली. मी म्हटलं, शनिवारी तळ्याच्या उत्तरेला शोधू या. दलदलीकडे नको, तिथे डास फार.

 किर्सी म्हणाली, "हो आई. फारच."