नग एक, दर एक रुपया

५ जानेवारी, सोमवार

आले एकदाची वाघोलीत. टेम्पोवाल्याने कपाट जिन्याच्या वळणावर अडकवलं आणि जिना लहान आहे ही बातमी मलाच दिली. शेवटी घरमालक हिंदुराव आणि त्यांचे जावई आले, कपाटाची दारं काढली, कपाट वर नेलं, दारं परत बसवली. मग खिडकीतून खाली बोट दाखवत हिंदुरावांनी सांगितलं की आज ही बिल्डिंग हाय तिथं आमचा कांदा हुता. आता तिथे चार मजले आहेत आणि कांदा ते बाजारातून आणतात.

मागची खोली बघूनच मी हे घर घेतलं. तिला रस्त्याची बाजू नाही. भिंतींवर गोधड्या टांगल्या, मधोमध माइक उभा केला, झाला स्टुडिओ. पुण्यातल्या बऱ्याच लिफ्टमध्ये ‘कृपया दरवाजा बंद करा’ म्हणणारी बाई म्हणजे मी, स्पृहा. लोकांना वाटतं ते मशीन आहे. असू दे.

कात्रजला आईच्या घरी ट्रकांच्या हॉर्नमुळे एक वाक्य धड रेकॉर्ड होत नव्हतं. आईनेच घराबाहेर काढलं मला. तिची नजर दोन वर्षांपूर्वी गेली; समोर माणूस उभं असेल तर कडा दिसतात, चेहरा दिसत नाही. तरी म्हणाली, सकाळी बायडाबाई येते, ती सगळं बघते, तू फक्त रोज अकराला फोन कर, आवाज ऐकला की माझं भागतं. आज अकराला फोन केला. आवाजावरून मी जेवले नाही हे तिने ओळखलं. मला खूप बरं वाटलं.

६ जानेवारी, मंगळवार

दिवसभर सॉफ्टवेअर. बेल्जियमची एक कंपनी माझ्याकडून वैद्यकीय यंत्रांच्या मराठी सूचना बोलून घेते. तिकडे नवा नियम आलाय. बिल कागदावर नको, मेलने नको. माझ्या सॉफ्टवेअरमधून थेट त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जायला हवं आणि तिथून पोच यायला हवी. माझ्यासारख्या परदेशी माणसाला तो नियम लागू नाही म्हणे, पण त्यांच्या हिशेब विभागाला दोन पद्धती सांभाळायच्या नाहीत. साहेबांची सोय झाली, आमची हमाली वाढली.

आमोदने, म्हणजे माझ्या सीएने, चार नावं दिली. त्यातलं चौथं ‘पोच’. सॉफ्टवेअर निवडताना आम्ही फ्रीलान्सर एक खोटं बिल बनवून बघतो. मी चारही ठिकाणी एकच बनवलं. ग्राहक: मे. कोणीही आणि मंडळी. पत्ता: कुठेही. तपशील: माझा आवाज, संपूर्ण, सर्व हक्कांसह, कायमचा. नग एक, दर एक रुपया. हल्ली प्रत्येक करारात ‘कायमचे सर्व हक्क’ मागतात, त्याचा राग होता तो. पहिल्या तिघांनी असा ग्राहक नोंदलेला नाही म्हणून बिल परत केलं. ‘पोच’ने फक्त विचारलं की पुरवठा एकदम करणार की थोडा थोडा. मी थोडा थोडा निवडलं. परत आलं नाही ते.

७ जानेवारी, बुधवार

सकाळी ‘पोच’मध्ये हिरवी खूण. ग्राहकाने बिल स्वीकारलं. बँकेत एक रुपया जमा. नव्या लोकांना दाखवायची नमुना सोय असावी, आवडली मला. स्वस्त आहे, मराठीत आहे, उगाच शहाणपणा शिकवत नाही. वर्षभराचे पैसे भरून टाकले. बेल्जियमचं खरं बिल पाठवलं, चार सेकंदांत पोच आली. आमोदला कळवलं की घोडं गंगेत न्हालं.

९ जानेवारी, शुक्रवार

एक विचित्र गोष्ट. दुपारी मैत्रिणीने पाठवलेला व्हिडिओ बघून मी पोट धरून हसले आणि हसण्याला आवाज नव्हता. तोंड उघडं, खांदे हलतायत, डोळ्यांत पाणी, आणि खोलीत शांतता. पुन्हा हसून पाहिलं. नाही. बोलता येतंय, हसता येत नाही. मग शिंक आली, तीही तशीच गेली.

घसा बसला असणार म्हणून हळद-दूध घेतलं. संध्याकाळी ‘पोच’ उघडलं तर त्या खोट्या बिलाखाली एक नवी ओळ होती. पुरवठा आठ टक्के, माल मिळाला.

१० जानेवारी, शनिवार

गुणगुणणं गेलं. पुरवठा एकोणीस टक्के.

आमोदला फोन केला. खोटं बिल खरं झालंय, खोडायचं कसं, एवढंच विचारलं. बाकीचं सांगितलं असतं तर त्याने डॉक्टरचा नंबर दिला असता. तो म्हणाला, अगं, नोंदलेलं बिल खोडता येत नाही, उलटं बिल काढायचं, आणि तेही समोरच्याने स्वीकारलं तरच. शिवाय असल्या गमती करायला तुला वेळ मिळतो याचं त्याला कौतुक वाटलं.

उलटं बिल काढलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: चुकून गेलं, माल विकायचा नाही. पाच मिनिटांत नकार आला. त्यांच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: माल उत्तम आहे. परत करण्याचा विचार नाही.

भीतीपेक्षा संताप जास्त आला. वीस वर्षं मी हा आवाज घडवला, पहाटे उठून, थंड पाणी सोडून, लोणचं सोडून. आता कोणीही येऊन एक रुपयात न्यायचा म्हणजे काय.

१२ जानेवारी, सोमवार

येरवड्याला घशाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. नळी घालून त्यांनी पाहिलं. स्वरयंत्र झकास आहे म्हणाले, असं तर विद्यार्थ्यांना दाखवावं. मी घोगऱ्या कुजबुजीत विचारलं, मग आवाज कुठे आहे. त्यांनी ताण कमी करायला सांगितलं.

परत आले तर हिंदुराव जिन्यात भेटले. खूश होते. म्हणाले, ताई, दुपारभर तुमचं बोलणं चाललं हुतं, काय ग्वाड आवाज हाय, आमची म्हातारी जेवण सोडून जिन्यात बसून ऐकत हुती. मी त्यांना हातातला दवाखान्याचा कागद दाखवला, त्यावरची वेळ दाखवली. दुपारभर मी इथे नव्हतेच. ते कागदाकडे बघत राहिले, मग माझ्या कुलपाकडे. मग हळूच विचारलं की घरात अजून कोण राहायला आलंय का, भाडेकरारात एकच नाव हाय.

घर उघडलं. कोणी नाही. माइक मात्र चालू होता आणि गोधडी गरम होती.

पुरवठा सेहेचाळीस टक्के.

१३ जानेवारी, मंगळवार

आज लढाईचा दिवस. ‘पोच’ काढून टाकलं. चहा करून येईपर्यंत ते परत जागेवर होतं. खातं बंद करण्याचा अर्ज केला. देवाणघेवाण अपुरी असताना खातं बंद होत नाही म्हणे. एक रुपया परत पाठवला. परत आला. पुन्हा पाठवला. अकरा वेळा. बाराव्या वेळी त्यांच्याकडून संदेश: कृपया त्रास देऊ नये.

त्रास मी देतेय.

मग माझी जुनी सगळी रेकॉर्डिंग उघडली, त्यातून आवाज वाचवून ठेवू म्हणून. लिफ्ट, बँक, इन्सुलिनचं यंत्र. सगळीकडे मी श्वास घेतलेला ऐकू येतो. वाक्यं नाहीत.

अकराला आईला कुजबुजत कसाबसा फोन केला. सर्दी झालीय म्हटलं. तर ती म्हणाली, मगाशी तर छान होता की गं आवाज. किती दिवसांनी मनमोकळी हसलीस.

मी आज तिला एकदाच फोन केला.

ऐकून घे, जो कोण आहेस तो. लिफ्ट घे, बँक घे. आईशी बोलायचं नाही. तिच्यापाशी माझा फक्त आवाज आहे, तेवढाच चेहरा आहे तिच्याकडे माझा. तो तुला मिळणार नाही. बघतेच मी.

१४ जानेवारी, सकाळी

संक्रांत. पुरवठा शंभर टक्के. व्यवहार पूर्ण, धन्यवाद.

काही नाही. कुजबुजही नाही. टेबलावर हात आपटला तेव्हा हाताचा आवाज आला, त्याने रडू आलं.

हिंदुरावांची म्हातारी तिळगूळ घेऊन आली. गोड बोला म्हणाली आणि वाट बघत उभी राहिली. मी हात जोडले. ती माझ्या तोंडाकडे बघत मागे मागे सरकत जिना उतरली.

१४ जानेवारी, साडेदहा

आईला फोन लावला. लागत नाही, दुसऱ्या फोनवर आहे. पंधरा मिनिटं. मग लागला. मी फक्त श्वास घेत होते. तिने दोनदा विचारलं कोण आहे. मग म्हणाली, माझ्या मुलीने सांगितलंच होतं, असे मुके फोन येतील, उचलू नकोस. आणि ठेवून दिला.

मुलीने सांगितलंच होतं.

लगेच बायडाबाईचा फोन. मी उचलला, तीच बोलत राहिली. आईंनी आठ दिस सुट्टी दिलीया, ताई ऱ्हायला येणार हायत म्हनं, तर गावाकडं जाऊन येते, निघालेच हाय, आईंचं सोन्यावानी बघा. मी फोनवर नखं वाजवली. तिला काय कळणार. मेसेज केला, तर तिला वाचता येत नाही.

निघाले. वही घेतली. आता बोलायला हीच आहे.

१४ जानेवारी, बसमध्ये

कंडक्टरला कागदावर कात्रज लिहून दाखवलं. तो उगाच मोठ्याने, हळूहळू बोलायला लागला. बोल बाबा. निदान तुझा तुझ्यापाशी आहे.

येरवडा. सिग्नल. अजून सिग्नल.

पोलिसांत जायचं तर काय लिहून देऊ — एक रुपयाचं बिल आहे, माझी सही आहे, माल गेला, पैसे मिळाले. सगळं नियमात आहे. चूक कुठे तर माझ्या जिभेत, तीही खवचट, आणि तीही आता —

नाही. रडायचं नंतर. आईला गाठायचं. आवाज नाही तर हात आहे. तिचा हात हातात घेतला की ती ओळखेल. तिच्या बोटांना मी ठाऊक आहे, तेरा वर्षं वेणी घातलीय तिने माझी. दार बोटभर उघडलं तरी पुरे.

१४ जानेवारी, आईच्या दारात

बेल वाजवली. तीनदा. किल्ली फिरतेय, पण आतून कडी लावलीय. आई कधी दिवसा कडी लावत नाही.

आई दारापाशी आली. तिचा श्वास ऐकू येतो, इतकी जवळ. विचारतेय कोण आहे. मी दार थोपटतेय, तळहाताने, हळू, जसं ती मला झोपवताना —

समोरच्या शेजाऱ्यांचं दार बंद. बाहेरून कुलूप. वरच्या मजल्यावर पतंग उडवतायत, खूप आरडाओरडा, कोणी खाली येत नाही.

आईने परत विचारलं. आवाज कापतोय तिचा. मी चिठ्ठी दाराखालून — काय उपयोग, तिला कडा दिसतात फक्त. तरी सरकवली. तिने पायाने चाचपली. उचलली वाटतं. कागद हातात धरून उभी आहे.

ओळख, आई. कागदावर ओला अंगठा आहे माझा. ओळख.

कडीला हात लावला तिने. लावला. कडी हलली —

आतून कोणीतरी म्हणालं, थांब आई.

माझ्या आवाजात. पूर्ण. हसूसकट.

पळावंसं वाटतंय, खरं सांगते. पाय जिन्याकडे वळतायत. नाही वळू देणार. आई आत आहे. तिच्याबरोबर तो आत आहे आणि मी बाहेर, असं चालणार नाही.

चपला येतायत. आईच्या नव्हेत. आईला तो म्हणतोय, तू बस, तिळगूळ खा, मी बघते कोण आहे ते. आणि आई — आई मागे सरकली. खुर्ची वाजली.

कडी निघतेय.

ये. मी इथेच आहे, दोन्ही पाय रोवून, पेन मुठीत धरून. आधी तिचा हात धरणार, मग तुझ्याकडे बघणार. तू बोल हवं तेवढं, मी —